शिक्षेची सावड

कायद्याच्या बाबतीत आमच्या पंचक्रोशीत माझा शब्द शेवटचा होता, हे आधीच सांगून ठेवतो. मी वकील नव्हे. वकिलाला कायदा पुस्तकातून शिकावा लागतो, माझ्याकडे तो आपण होऊन चालत आला. लोणी भापकरच्या आसपास कुठं मारामारी झाली, कुणाच्या विहिरीवरची मोटर गेली, की पहिला निरोप मला यायचा. "बापूसाहेब, पंच म्हणून या." मी इस्त्रीचा सदरा चढवून जायचो, पंचनामा ऐकून गंभीरपणे मान हलवायचो आणि खाली लफ्फेदार सही ठोकायचो. पुढं साक्षीसाठी तालुक्याच्या कोर्टात जायचं आणि पुकारा होईपर्यंत मागच्या बाकावर बसायचं. त्या बाकावरच मी घडलो! साधी कैद, सक्तमजुरी, संशयाचा फायदा, शिक्षेला स्थगिती, समज देऊन सोडणे, सगळं तोंडपाठ. घरी आमटी खारट झाली तर मी बायकोला विचारायचो, "गुन्हा कबूल आहे का?"

ती म्हणायची, "कबूल. आता गिळा."

अशा माणसाकडे पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात रावजीआबा मासाळांचं प्रकरण आलं. आबा आमच्या शेजारच्या वस्तीवरचे. त्यांच्या बापजाद्यांनी आयुष्यभर मेंढरं राखली. आबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं, झुंबरनं, विहीर पाडली, कांदा लावला, डाळिंब लावलं. पण चार मेंढरं जिवाला बरी म्हणून दारात ठेवली होती. ती चार मेंढरंच आबांना कोर्टात घेऊन गेली.

त्याचं असं झालं. ऐन गळिताच्या हंगामात आबा मेंढरं घेऊन रस्ता ओलांडत होते. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. टेपवर गाणी मोठ्यानं चालू, ड्रायव्हरचा हात हॉर्नवरून हलेना. मेंढरं उधळली. एक कोकरू चाकाखाली जाता जाता वाचलं. आबांनी हातातली काठी भिरकावली ती थेट पुढच्या दिव्यावर! काच फुटली. काच फुटल्यावर आबांनी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची नावं न घेता चौकशी केली. ड्रायव्हरनं तक्रार दिली, नुकसान आणि शिवीगाळ. काठी मुद्देमाल म्हणून जप्त झाली. पंचनाम्यावर पंच अर्थात मीच होतो.

आणि आबांचा सल्लागारही मीच! दोन्ही बाजूंचा विश्वास बसावा असा माणूस तालुक्यात दुसरा नव्हताच.

तारखा पडत गेल्या. मधल्या काळात आबांच्या घरात दुसरंच संकट उभं राहिलं. धोंडाकाकी, म्हणजे आबांची बायको, हिच्या दोन्ही डोळ्यांतला कैक वर्षांचा मोतीबिंदू पिकला. चुलीवरची भाकरी करपली तर वासानं कळायची, उंबरा पायानं चाचपून ओलांडायची. मोफत शिबिरात चल म्हटलं तर नाही म्हणायची. तिच्या आईचा डोळा असाच ऑपरेशनमध्ये गेला होता. पट्टी सोडल्यावर घरचे सगळे आईला "दिसतंय, दिसंल, हळूहळू दिसंल" म्हणत राहिले आणि ती बिचारी अंधारातच वारली. काकीनं ते जवळून बघितलं होतं.

शेवटी पुढच्या हिवाळ्यात ती तयार झाली, पण अट घालून. मी त्या वेळी त्यांच्या ओट्यावरच बसलो होतो. खटला सुरू झाल्यापासून माझी बैठक तिथंच.

"ह्ये बगा," काकी आबांना म्हणाली, "माज्यासंगं समदी खोटं बोलत्याल. डागतर बोलंल, झुंबर बोलंल. तुमी काय मला खोटं बोलायचं न्हाय. म्हणून पट्टी सुटंल तवा माज्या म्होरं तुमीच पायजेल. तुमचं तोंड दिसलं तर डोळा आला. न्हाय दिसलं तर गेला. मग कुणी काय बी सांगू नगा."

"आसतो की मी," आबा म्हणाले. "कुठं जातोय?"

कुठं जाणार ते दोन दिवसांत कळलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, काकी तालुक्याच्या शाळेत मांडलेल्या शिबिरात खाटेवर पडली, आणि पट्टी सोडायचा जो दिवस डॉक्टरांनी सांगितला, नेमकी त्याच दिवशी कोर्टात आबांची तारीख! आबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बापूसाहेब, म्होरची तारीख घ्या मागून."

आता, पुढची तारीख मागणं एखाद्या शिकाऊ वकिलालाही जमलं असतं. मी म्हणालो, "आबा, तारीख कशाला? प्रकरणच संपवू. साहेब नवीन आहेत, माणूस मवाळ आहे. त्यांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, की तुम्ही म्हणायचं, कबूल. वय बघून ते थोडासा दंड करतील. दंड भरायचा आणि तिथून सरळ शिबिरात. पट्टी दुपारनंतर सुटणार. तुम्ही त्याच्या आधी काकीच्या उशाशी!"

"कैद तर न्हाय ना व्हणार?"

"मी असताना?" मी म्हणालो.

कोर्टाचं काकीला कुणी काहीच सांगायचं नाही, असं ठरलं. उगाच तिच्या डोळ्यावर ताण नको.

ठरल्याप्रमाणे आम्ही तिघं सकाळच्या एस.टी.नं तालुक्याला गेलो. आबा, झुंबर आणि मी. दोघा भावांचं रूप इतकं सारखं, की वस्तीवरची कुत्रीसुद्धा आवाज ऐकल्यावरच शेपूट हलवायची. तेच गुलाबी पागोटं, तीच पांढरी मिशी, तसंच काटक अंग. फरक एवढाच, की आबांच्या खांद्यावर काळं घोंगडं होतं.

शिपायानं पुकारा केला. "रावजी येसू मासाऽऽळ!" आबा पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. साहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल हाय, साहेब. काठी मीच फेकली. शिव्या बी मीच दिल्या. अजून दोन ऱ्हायल्या हुत्या."

साहेबांनी खाली बघून लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग निकाल दिला. आरोपी दोषी. वय आणि पहिलाच गुन्हा ध्यानात घेऊन थोडासा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद!

कैद हा शब्द ऐकला आणि झुंबरनं भर कोर्टात गळा काढला. "दादाऽऽ!"

"गप! साधी आहे, साधी!" मी त्याला दाबला. "बेड्या नाहीत, तुरुंग नाही. साहेब आजचं काम संपवून उठेपर्यंत इथं कोपऱ्यातल्या बाकावर नुसतं बसायचं. कायद्यात याच्याहून गोड शिक्षा नाही!"

मला मनातून आनंदच झाला होता. इतक्या वर्षांत ही शिक्षा मी फक्त ऐकली होती, कुणाला बसलेलं पाहिलं नव्हतं. आबांकडे बघितलं आणि तो आनंद ओसरला. हवालदारानं दाखवलेल्या बाकावर ते घोंगडं मांडीवर घेऊन बसले होते आणि सारखे दाराकडे बघत होते.

"कोर्ट कवा उठतंय?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळी."

"आन पट्टी?"

मी सदऱ्याची इस्त्री नीट केली.

दुपारची सुट्टी झाली. कोर्टावर ड्युटीला असलेले दादासो हवालदार चांगला माणूस. "आबा, चहा घेऊन या, पण लगेच माघारी या," असं म्हणून त्यांनी डबा उघडला. आम्ही तिघं समोरच्या टपरीवर उभे राहिलो. आबांनी चहाला तोंड लावलं नाही.

"बापूसाहेब," ते म्हणाले, "माज्या जागी झुंबर बसला तर?"

मी चमकलो. पण त्यांच्या दृष्टीनं त्यात नवल काहीच नव्हतं. मेंढरं राखणारी घरं सावडीनं चालतात. रात्रीची राखण एकाच्या अंगावर नसते, ती घराच्या अंगावर असते. एक भाऊ थकला की दुसरा उठतो. राखणीचं घोंगडं एकच असतं. ते ज्याच्या खांद्यावर, तो जागा, बाकीच्यांनी खुशाल झोपावं. घोंगडं दिलं की पाळी दिली. विहिरीचं पाणी धरणं असो, मयताला जाणं असो, घरटी एक माणूस आला की झालं. कोणता, हे कुणी विचारत नाही.

"साहेबानं घरातला मानूस बसीवलाय," झुंबर म्हणाला. "मी काय परका हाय व्हय?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. पंचक्रोशीतला शेवटचा शब्द माझा! "मला माहीत नाही," हे तीन शब्द मला यायचे नाहीत असं नाही, पण सवय नव्हती. मी डोळे मिटले आणि विचार केला. आणि काय सांगू, विचार असा सरळ निघाला की माझं मलाच कौतुक वाटलं!

"असं बघा," मी म्हणालो. "आरोपीसाठी जामीन कोण राहतं? दुसरा. आरोपीच्या वतीनं बोलतं कोण? दुसरा. दंड दुसऱ्यानं भरला तरी पावती फाटते का नाही? फाटते. आरोपी आजारी असला तर त्याच्या वतीनं अर्ज कोण देतं? दुसरा! कायद्यात सगळंच दुसऱ्यानं चालतं. मग नुसतं बसायला दुसरा का चालू नये?"

"चालंल म्हंता?"

"चालायलाच पाहिजे."

आबांनी घोंगडं खांद्यावरून काढून झुंबरच्या खांद्यावर ठेवलं. दोघांनी एकमेकांना मान लववली, पिढ्यानपिढ्या लववत आले तशी. मग आबा शाळेच्या दिशेनं असे निघाले, की तरण्या माणसाला गाठता आले नसते.

सुट्टी संपली. झुंबर बाकावर जाऊन बसला. मांडीवर घोंगडं, ताठ कणा, डोळे उघडे. रात्रभर मेंढरं राखलेला माणूस, तो काय पेंगणार! दादासो हवालदारांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि समाधानानं मान हलवली. मी मागच्या बाकावर बसलो. एक खटला झाला, दुसरा झाला. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की असं आधी कुणाला कसं सुचलं नाही, याचं मला आश्चर्य वाटत होतं.

आणि मग साहेबांना दया आली!

हातातला कागद बाजूला ठेवून त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. म्हणाले, "आजोबा, अवघडून गेला असाल. सकाळपासून हललाही नाहीत. आज काम लवकर संपतंय. मी आता उठतोच आहे. जा तुम्ही घरी."

झुंबरनं तेवढ्यावर रामराम करून चालू पडायचं की नाही? पण तो मासाळांच्या घरातला. तो उभा राहिला, दोन्ही हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "लई उपकार साहेब! दादाला सांगतो."

"कुणाला?"

"दादाला. रावजीला. शिक्षा त्येची हाय नव्हं. मी झुंबर, धाकटा. जेवनापस्नं माजी पाळी हाय."

दादासो हवालदारांच्या हातातली टोपी खाली पडली. सरकारी वकील उठले आणि एकामागून एक गुन्हे मोजायला लागले. कायदेशीर ताब्यातून पळून जाणं! तोतयागिरी! कोर्टाची फसवणूक! गुन्ह्यास चिथावणी! प्रत्येक गुन्ह्याची शिक्षा मला तोंडपाठ होती, आणि त्या वेळी ती नसती तर बरं झालं असतं. पहिल्यापेक्षा दुसरी मोठी, दुसरीपेक्षा तिसरी. फुटलेल्या काचेचं प्रकरण बघता बघता वर्षांच्या कैदेवर गेलं!

"असं बसायला तुम्हाला कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

झुंबर वळला. कौतुकानं हात लांब करून त्यानं मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. "त्ये काय, आमचं बापूसाहेब!"

मी पुढं गेलो. पाय आपले आपण चालत होते.

"आपण वकील?"

"नाही साहेब. पंच."

साहेबांनी मासाळांच्या प्रकरणाचे कागद उलटले. "काठीच्या पंचनाम्यावर ही सही आपली?"

"होय साहेब."

"म्हणजे सरकारचे पंच आपण. आरोपीचे सल्लागारही आपण. आणि आता जे घडलं त्याला चिथावणीही आपलीच."

मी जामिनाचा मुद्दा काढला. दंडाच्या पावतीचा काढला. टपरीवर जो विचार इतका सरळ निघाला होता, तो कोर्टात एका वाक्यानंतर लुळा पडला. साहेब हसले नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न! बायकोची फार आठवण झाली.

"कबूल," मी म्हणालो.

"आधी खऱ्या रावजींना हजर करा," साहेब हवालदारांना म्हणाले. "मी थांबतो. तोवर कोर्ट उठणार नाही."

दादासो हवालदार मला लुनावर मागं बसवून निघाले. वाटेत एकदाच बोलले. "बापूसाहेब, माझी नोकरी गेली तर माझ्या जागी तुमच्या घरातला कोण येणार, ते ठरवून ठेवा."

शाळेच्या वर्गात खाटा मांडलेल्या होत्या. डॉक्टर शेवटच्या खाटेशी आले होते. ती धोंडाकाकीची. तिच्या एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसरा डोळा धुरकट. आबा तिच्या समोर स्टुलावर बसलेले, नवरदेवासारखे पागोटं सारखं करून. डॉक्टरांचा हात पट्टीकडे गेला, तेवढ्यात बूट वाजले.

"रावजी मासाळ, चला. साहेबांनी हजर करायला सांगितलंय."

"पाच मिनिटं थांबा," डॉक्टर म्हणाले.

पण काकीनं आपल्या हातानं पट्टी झाकली. "कोण साहेब? कुणाचं बूट हायेत ह्ये?"

आबांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. ट्रॅक्टरची काच, कैद, घोंगडं, झुंबर. काकी ऐकत राहिली. तिचा हात पट्टीवरच होता.

"मला सांगितलं न्हाय," ती म्हणाली.

"तुज्या डोळ्यासाटनं..."

"डोळ्यासाटनं!" तिचा आवाज फुटला. "अवं, मी एवढ्या दिसांनी डोळा उघडायचा, आन पोलिसाच्या हातात धरलेलं तुमचं तोंड बगायचं व्हय? न्हाय सोडायची पट्टी. आदी हितनं सुटा. मोकळं तोंड बगीन, न्हायतर काय बी नगं."

डॉक्टरांनी समजावलं, नर्सबाईंनी समजावलं. काकी उठून उभी राहिली आणि तिनं आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "चला. मी बी येती."

"अहो, मला संध्याकाळी पुण्याला निघायचंय!" डॉक्टर ओरडले. "पट्टी मी सोडायच्या आधीच पेशंट पडला, आपटला, टाका निसटला तर?" बोलता बोलता त्यांनी ट्रे उचलला आणि जाड भिंगाचा एक चष्मा खिशात घातला. आम्ही सगळे त्यांच्या जीपमध्ये बसलो. पुढं लुनावर हवालदार, मागं डॉक्टरांची जीप. बाजारपेठेतून अशी वरात निघाली, की लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते.

कोर्टात आबा पुन्हा पिंजऱ्यात उभे राहिले. कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "साहेब, गुन्हा कबूल."

"कुठला?"

"जो काय आसंल त्यो. आमाला वाटलं, शिक्षा घराला झालीया, कुणीतरी बसलं म्हंजी भागलं. बसायला कुचराई केली न्हाय साहेब, झुंबर डोळं उघडं ठिवून बसला व्हता. पर माजी चूक हाय. काय करायचं त्ये करा. म्हातारीची पट्टी तेवढी सुटू द्या. तिला मी शबुद दिलाय."

साहेब काकीकडे बघत राहिले. काकी पट्टी बांधून, एक हात पुढं करून उभी होती, आणि तिला कुणीच दिसत नव्हतं.

"सरकारी वकील, काय म्हणणं आहे?" साहेबांनी विचारलं.

सरकारी वकील उभे राहिले. सगळे गुन्हे त्यांनी मघाशीच मोजलेले होते. त्यांनी काकीकडे बघितलं, घसा साफ केला. "हेतू फसवण्याचा दिसत नाही, साहेब. सरकारचा आग्रह नाही." आणि बसले.

"मग ऐका," साहेब म्हणाले. "नवा खटला नाही. पण जुनी शिक्षा पुरी व्हायलाच हवी. दुपारपासून जेवढा वेळ तुम्ही बाहेर होता, तेवढा इथं बसून भरायचा. तो भरल्यावर कोर्ट उठेल."

"मी बसलो त्यो येळ धरा की साहेब!" झुंबर म्हणाला. "का वाया गेला त्यो?"

"तो धरता येत नाही."

"मग माज्या नावावर जमा ऱ्हाऊ द्या. म्होरं कवा लागला तर..."

"तसं जमा होत नाही, झुंबरराव. बसा."

डॉक्टर पुढं आले. "साहेब, मला जायचंय. पट्टी आत्ता सोडू द्या."

"आत्ता न्हाय," काकी म्हणाली. "सुटल्याबिगर न्हाय."

साहेब सुटका करेनात, काकी पट्टी सोडू देईना, डॉक्टरांना पट्टी सोडल्याशिवाय जाता येईना! कायद्यात यावर काहीतरी तोड असणार, असं माझ्या ओठावर आलं होतं. साहेबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी ते गिळलं.

"पंच, तुम्हीही बसा," ते म्हणाले. "ही शिक्षा नाही. शिक्षा द्यायची तर रीतसर खटला चालवावा लागेल. सांगा, चालवू का?"

मी बसलो. आयुष्यभर त्या खोलीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. त्या दिवशी कोपऱ्यातल्या बाकावर जागा मिळाली, आबांच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला धोंडाकाकी. झुंबर पायाशी जमिनीवर. समोर ट्रे मांडीवर घेतलेले डॉक्टर. दाराशी दादासो हवालदार, हे तर आता आबांवरून नजर काढायला तयार नव्हते. साहेबांनी उद्याची कामं मागवली आणि वाचायला घेतली. शिपाई, कारकून, वकील, सगळ्यांना घरी जायचं होतं, पण साहेब बसलेले असताना जाणार कोण? एका म्हाताऱ्याला शिक्षा झाली होती आणि सगळं कोर्ट ती भोगत होतं.

उन्हाची तिरीप भिंतीवर चढत गेली आणि मावळली. मी आबांकडे बघितलं. त्यांनी काकीचा हात धरला होता. चारचौघांत असा हात धरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या एका चुकीच्या सल्ल्यानं या माणसाला खरोखरच तुरुंगात जावं लागलं असतं, आणि ही बाई पट्टीआड त्याची वाट बघत बसली असती. तेव्हा कुठं मला साध्या कैदेचा अर्थ कळला. ती साधी नसते.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. पेन मिटलं आणि ते उभे राहिले. आम्ही सगळे ताडकन उठलो.

"कोर्ट उठलं," ते म्हणाले. "रावजी मासाळ, तुमची शिक्षा पुरी झाली. आणि मुद्देमालातली काठी यांना परत द्या."

एरवी साहेब उठले की मागच्या दारानं निघून जातात. त्या दिवशी ते जागेवरच उभे राहिले.

"सुटला?" काकीनं विचारलं.

"सुटलो," आबा म्हणाले.

"मग या म्होरं."

आबा तिच्या समोर जाऊन उभे राहिले. डॉक्टरांनी पट्टी सोडली. कापूस काढला, डोळा हळूच पुसला आणि तो जाड भिंगाचा चष्मा तिच्या नाकावर ठेवला. काकीनं डोळा मिटूनच ठेवला होता. बराच वेळ ती तशीच राहिली. मग तिनं डोळा उघडला.

ती बघत राहिली. हात वर करून तिनं आबांच्या गालावर फिरवला, मिशीवर फिरवला. तिच्या ओठांचा चंबू झाला.

"आगं बया!" ती म्हणाली. "येवढं म्हातारं कवा झालासा?"

आबा लहान पोरासारखे रडायला लागले. झुंबर तर आधीपासूनच रडत होता. दादासो हवालदारांनी टोपी काढून तोंड पुसलं. साहेबांनी तेवढ्यापुरतं खिडकीबाहेर बघितलं, आणि वळून विचारलं, "आजी, दिसतं का नीट?"

"दिसतंय की! तुमी साहेब व्हय? लई बारीक हायसा ओ, जेवता का न्हाय?"

साहेब त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

बाहेर पडलो तेव्हा दिवे लागले होते. बारामतीच्या स्टँडवर आम्ही लोणीच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो. काकी नव्या डोळ्यानं सगळं बघत होती. गाड्यांच्या पाट्या, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, केळ्यांचा गाडा. झुंबरला ती म्हणाली, "तुजी मिशी वाकडी हाय." मग तिची नजर माझ्यावर आली. डोक्यापासून पायापर्यंत गेली आणि पुन्हा वर आली.

"आन ह्ये कोण?" तिनं आबांना विचारलं.

"आगं, बापूसाहेब न्हाय का!"

"ह्ये बापूसाहेब?" काकीनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि परत एकदा बघितलं. "ओट्यावर बसून बोलायचं ते ह्येच? आवाजावरनं मला वाटायचं, कुणीतरी मोठा मानूस हाय!"

आबा दुसरीकडे बघायला लागले. झुंबरनं घोंगड्यात तोंड घातलं.

मी मनात म्हटलं, हा एका डोळ्याचा निकाल आहे. दुसरा डोळा अजून उघडायचा आहे, म्हणजे अपिलाला जागा आहे. पुढच्या हिवाळ्यात शिबिर पुन्हा आलं आणि काकीचा दुसराही डोळा उघडला. मी मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून समोर जाऊन उभा राहिलो. काकीनं दोन्ही डोळ्यांनी मला नीट निरखलं, आणि खालचा निकाल कायम केला!